फोन घरी आल्यावर

मुंबईतल्या वाकोल्यात बऱ्याच घरांत मुलांच्या ऑनलाइन अभ्यासाची वेळ ठरते ती बाबांच्या ड्युटीवर. रिक्षा असो, विमानतळावरची नोकरी असो की बीकेसीतलं ऑफिस, घरातला बरा फोन सकाळी त्यांच्याबरोबर बाहेर पडतो तो रात्री आठ-साडेआठला परत येतो. आईचा फोन घरात असतो, पण त्यात जागा नसते. शाळेच्या, नात्यातल्या आणि भिशीच्या ग्रुपवरच्या फोटोंनी तो गच्च भरलेला. म्हणजे हाती उरतो जेवणाआधीचा पाऊण तास. त्यात मुलं दोन, फोन एक, दहा बाय पंधराची खोली, ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या आणि वरून जाणारी विमानं.

अशा घराला ‘मुलांसाठी पन्नास उपयुक्त ॲप’ छापाच्या याद्यांचा काही उपयोग नसतो. पन्नासातली पाच उतरवेपर्यंत दिवसाचा डेटा संपतो आणि आठवड्याभरात पाचही विसरली जातात. माझं म्हणणं असं, की पहिली ते पाचवीच्या मुलाला घरी लागतं ते फार थोडं. ते फुकट मिळतं, आणि त्यातलं बरंचसं मराठीत आहे. कष्ट पडतात ते दोनच ठिकाणी: आधी निवडून, उतरवून ठेवण्यात आणि नंतर मुलाशेजारी वीस मिनिटं बसण्यात. पुढचं सगळं त्या पाऊण तासाच्या हिशेबाने लिहिलं आहे.

पुस्तकापासून सुरुवात

ऑनलाइन म्हटलं की माणूस व्हिडिओ शोधायला लागतो. आधी पुस्तक शोधा. बालभारती, म्हणजे १९६७ साली पुण्यात सुरू झालेलं आपलं पाठ्यपुस्तक मंडळ, आपली पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत देतं. इयत्ता आणि माध्यम निवडलं की पीडीएफ उतरवता येते. शाळेने छापील पुस्तक दिलेलं असताना ही पीडीएफ कशाला, असं वाटेल. पुस्तक बाकाखाली राहिलं किंवा पावसात भिजलं तर अभ्यास अडत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

इथली बरीच मराठी मुलं इंग्रजी माध्यमात जातात आणि त्यांचे आईवडील मराठी शाळेत शिकलेले असतात. चौथीतल्या मुलाचं परिसर अभ्यासाचं इंग्रजी पुस्तक उघडलं की आई दुसऱ्या ओळीला अडखळते. मुलाच्या ते लक्षात येतं, आणि त्याच्या लक्षात आलंय हे आईलाही कळतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या क्लासची चौकशी सुरू होते. पण शाळा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाची असेल, तर गणित आणि परिसर अभ्यास ही पुस्तकं सगळ्या माध्यमांसाठी एकाच आराखड्यावर बेतलेली असतात. धडे तेच, क्रम तोच, चित्रंही बहुतेक तीच. तेव्हा त्याच इयत्तेचं मराठी माध्यमाचं पुस्तकही फोनमध्ये उतरवून ठेवा. रात्री भांडी आवरली की उद्याचा धडा आईने मराठीत वाचायचा. पाच-सात मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी मुलाने इंग्रजी धडा मोठ्याने वाचायचा आणि आईने मराठीत विचारायचं: वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे? पावसाळ्यात ते लवकर का जात नाही? उत्तर मराठीत आलं तरी बिघडत नाही. गोष्ट एकदा समजली की तिचे इंग्रजी शब्द धड्यातून उचलता येतात. न समजता पाठ केलेले शब्द परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जातात, हे आपण सगळ्यांनी आपल्या शाळेत अनुभवलेलं आहे.

गणितात एक छोटी अडचण येते. आजोबा ‘एकोणसत्तर’ म्हणतात आणि नातवाला फक्त ‘सिक्स्टी नाइन’ कळतं. पुस्तकं दोन्ही हाताशी असली की संख्यांची पानं शेजारी ठेवून रोज पाच संख्या दोन्ही भाषांत म्हणून घेता येतात. भाजीवाल्याशी बोलायला तेवढं पुरतं.

सीबीएसईच्या मुलांसाठी एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत मोफत आहेत. मात्र उतरवताना मुखपृष्ठामागचं साल बघा. २०२३ ते २०२५ या काळात एनसीईआरटीने पहिली ते पाचवीची पुस्तकं बदलली, आणि बालभारतीचं पहिलीचं पुस्तकही २०२५-२६ पासून नवं आलं; पुढच्या इयत्तांचीही टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत. मोठ्या भावाची पीडीएफ धाकट्या बहिणीला चालेलच असं नाही. यूट्यूबवर ‘पाठ तिसरा’ म्हणून जो व्हिडिओ सापडतो, तो कधीकधी भलत्याच पुस्तकातला तिसरा पाठ निघतो.

व्हिडिओ थांबवायचा असतो

पाठ्यपुस्तकाच्या पानांवर जे क्यूआर कोड छापलेले असतात, ते ‘दीक्षा’ या ॲपमधून उघडतात. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. पहिल्यांदा उघडताना मंडळ, माध्यम आणि इयत्ता एवढं विचारतं. लॉगिन केलं नाही तरी चालतं. फोनचा कॅमेरा फुटका असेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं-अंक हाताने टाका. धड्याशी जोडलेले व्हिडिओ आणि सरावाचे प्रश्न समोर येतात, आणि ते ॲपमध्येच उतरवून पुढे नेटशिवाय वापरता येतात. मला यातले सरावाचे प्रश्न व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचे वाटतात. काही व्हिडिओ खरंच चांगले आहेत, पण काहींत धडा नुसता वाचून दाखवलेला असतो. तसा निघाला तर बेलाशक बंद करा. सरकारी आहे म्हणून शेवटपर्यंत बघितलाच पाहिजे असं काही नाही.

‘टिलीमिली’ मात्र आवर्जून शोधा. करोनाच्या पहिल्या वर्षी, २० जुलै २०२० पासून, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी लागायची. फळा नाही, छडी नाही. घरातली मुलं, आई, आजोबा मिळून घरातल्याच वस्तूंनी बालभारतीच्या धड्यांतल्या कल्पना उलगडतात. भाग यूट्यूबवर आहेत. ते तेव्हाच्या पुस्तकांवर बेतलेले आहेत हे खरं, पण हातच्याची बेरीज आणि सावलीची लांबी पुस्तक बदललं म्हणून बदलत नाही.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. २०२०-२१ मधल्या ऑनलाइन वर्गांनी आपल्याला इतका वैताग दिला, की ‘ऑनलाइन’ हा शब्द काढला तरी कित्येक पालक हात जोडतात. चाळीस चेहऱ्यांच्या चौकटी, ‘मिस, आवाज येत नाही’ आणि शेजारच्या घरातलं भांडण. पण ती सगळी शाळा फोनमध्ये कोंबायची धडपड होती. घरी लागतो तो चार मिनिटांचा एक तुकडा, तोही तुमच्या सवडीने थांबवता येणारा. थांबवण्यातच त्याची सगळी किंमत आहे.

उदाहरणार्थ, चौथीचे अपूर्णांक. व्हिडिओत एका वर्तुळाचे चार भाग होतात आणि एक भाग रंगतो. तिथे बोट ठेवून थांबवा. ताटातली पोळी मुलाच्या हातात द्या आणि पाव भाग तोडायला सांगा. तो तोडेल, पण चार तुकडे सारखे नसतील. ‘मोठा तुकडा दादाने घेतला तर त्यालाही पावच म्हणायचं का?’ असं विचारा आणि गप्प बसा. अपूर्णांकात भाग समान असावे लागतात हे व्हिडिओतल्या बाईंनी दहादा सांगून जे होत नाही, ते या भांडणात होतं. मग पुढचं मिनिट चालवा. चार मिनिटांचा व्हिडिओ असा बारा-पंधरा मिनिटं चालतो आणि त्या दिवसापुरता तेवढाच पुरे. मूल एकटंच बसून सलग सहा व्हिडिओ बघत असेल, तर ते टीव्ही बघतंय असं समजा.

आधी वाचता येतं का ते बघा

‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईतल्याच वस्त्यांमधून सुरू झाली. तिचा ‘असर’ हा अहवाल २००५ पासून निघतो. २०२४ च्या अहवालातही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. मुंबई त्या पाहणीत येत नाही, पण म्हणून आपण निर्धास्त राहावं असं काही नाही.

या पाहणीची चाचणी इतकी साधी आहे की ती स्वयंपाकघरात घेता येते. तिचे मराठी नमुने असरच्या संकेतस्थळावर आहेत. एका पानावर अक्षरं, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मुलाने तो वाक्यासारखा, न अडखळता वाचला, दोन-तीनच चुका झाल्या, तर गोष्ट द्यायची. शब्दाशब्दाला थांबला तर मागे येऊन सुटे शब्द दाखवायचे. पाचातले चार जमले तर त्याला शब्द येतात असं धरायचं, नाहीतर अक्षरं. पाच मिनिटांत मूल कुठे उभं आहे ते कळतं. चाचणी घेताना चूक सुधारू नका आणि चेहरा पाडू नका. चौथीतलं मूल शब्दांवरच अडकलं, तर त्याला चौथीच्या धड्याचे व्हिडिओ दाखवून उपयोग नाही. महिना-दोन महिने सगळा वेळ वाचनालाच द्यावा लागेल.

त्यासाठी ‘स्टोरीवीव्हर’ हे माझ्या मते मराठी घरासाठी सगळ्यात मोलाचं ठिकाण. प्रथम बुक्सने ते २०१५ साली सुरू केलं. तिथे मराठी चित्रगोष्टींचा मोठा साठा आहे आणि त्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत: पहिलीत पानाला एखाद-दोन सोपी वाक्यं, चौथीत सलग वाचणाऱ्या मुलासाठी लांब गोष्टी. इयत्ता विसरून चाचणीत दिसली ती पातळी निवडा. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्हीकडे सापडते, ती इंग्रजी माध्यमाच्या मुलाला आधी मराठीत वाचून दाखवली की इंग्रजी वाचताना त्याची धास्ती निम्मी होते. इथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्यामुळे पीडीएफ उतरवून झेरॉक्सवाल्याकडून काळ्या-पांढऱ्यात छापून घेतली तरी चोरी होत नाही. तशी छापा. पानं टाचून मुलाला रंगवायला दिली की पुस्तक त्याचं होतं, आणि फोन दुसऱ्याला मोकळा होतो. दोन मुलांच्या घरात हा फायदा थोडाथोडका नाही.

मूल वाचायला लागलं की ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आई-बाबांनी लहानपणी वाचलेला अंक तिथे सापडू शकतो. तो शोधण्यात एखादा रविवार गेला तरी हरकत नाही.

गुगलचं ‘रीड अलाँग’ हेही वाचनासाठीच आहे. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, चुकलेल्या शब्दावर थांबतं. मराठी त्यात आहे. लाजणाऱ्या मुलांना ते आवडतं, कारण तिथे हसणारं कुणी नसतं. पण कुकरची शिट्टी आणि विमान यांच्यामध्ये ते गोंधळतं, आणि चुकीचा उच्चार बरोबर धरून पुढेही जातं. आठवड्यातून दोनदा ठीक. रोज मात्र एखाद्या माणसाने ऐकलं पाहिजे. आजीला ऐकू कमी येत असेल तर उत्तमच, मूल मोठ्याने वाचेल.

फोन पालथा ठेवून करायच्या गोष्टी

अरविंद गुप्ता यांनी पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली आणि त्यांचे मिनिट-दोन मिनिटांचे व्हिडिओ आपल्या संकेतस्थळावर ठेवले. मराठीतले व्हिडिओही आहेत, मराठी पुस्तकंही आहेत, सगळं मोफत. त्यांच्या आगकाड्यांच्या खेळापासून सुरुवात करा. सायकलवाल्याकडून व्हॉल्व्ह ट्यूबचा वीतभर तुकडा आणायचा, त्याचे नखाएवढे तुकडे कापायचे. काड्यांचं गुल मोठ्या माणसाने आधी खरवडून काढायचं. नळीच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी घातली की बिजागरी तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चारांचा चौकोन. आता दोन्ही दाबून बघायला सांगा. चौकोन लगेच कलतो. त्रिकोण हलत नाही. चौकोन कलू नये म्हणून काय करता येईल, हे मुलाला शोधू द्या. तिरकी काडी टाकायचं त्याचं त्याला सुचलं, की दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या पत्र्याखालचे लोखंडी त्रिकोण त्याला आपोआप दिसतात. व्हिडिओ बघायला दोन मिनिटं लागली, काम तासभर चाललं.

विज्ञानाची आवड असलेल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकं केंद्राच्या संकेतस्थळावर आहेत. त्यात उत्तरं कमी आणि ‘करून बघ’ जास्त, त्यामुळे मार्कांच्या घाईत असलेल्यांना ती आवडत नाहीत.

आणि एक गोष्ट खास आपल्या वस्तीची. पावसाळ्यात बातम्यांत ‘कुलाबा’ आणि ‘सांताक्रूझ’ असे पावसाचे दोन आकडे सांगतात. त्यातली सांताक्रूझची वेधशाळा आपल्या शेजारची. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर तिचा आकडा रोज मिळतो. जूनपासून मुलाला हा आकडा वहीत लिहायला सांगा आणि सोबत घरचं पर्जन्यमापक करा. सरळ भिंतीची बरणी घ्या, गळ्याकडे निमुळती नको. बाहेरून मोजपट्टी चिकटवा. इमारतीच्या गच्चीवर ठेवता आली तर सगळ्यात चांगलं. खिडकीच्या ग्रिलवर ठेवली तर भिंतीच्या आडोशाने पाणी कमी येईल, पण तोही धडाच आहे. पत्र्यावर चढायला मुलाला पाठवू नका. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून आपणही साडेआठलाच मोजायचं. सकाळच्या शाळेचं मूल असेल तर ते काम आईकडे.

पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हा प्रश्न इथे हमखास येतो, आणि त्याचं उत्तर बरणीच देते. सरळ भिंतीच्या भांड्यात साचलेल्या पाण्याची उंची म्हणजे पाऊस; तोंड रुंद असो की अरुंद, उंची तीच. विश्वास बसत नसेल तर दोन मापांच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवा. आपला आकडा आणि वेधशाळेचा आकडा जुळला नाही तर मुलाला कारणं शोधू द्या. महिनाअखेरीस बेरीज, सगळ्यात ओला दिवस, कोरडे दिवस किती, चौकटीच्या कागदावर उभे पट्टे. गणिताचं अख्खं प्रकरण झालं.

मग एक दिवस २६ जुलै २००५ चा आकडा काढा. २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच काळात १०० सुद्धा नाही. एकाच शहरात एवढा फरक. भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा आणि मुलाला तिच्याशेजारी उभं करा. पण वाकोला नाल्याच्या काठच्या घरांत पाणी त्या खुणेच्याही वर चढलं. एवढाच पाऊस पडला तर पाणी जास्त कसं चढलं, हे विचारायला मुलाला शेजारच्या आजी-आजोबांकडे पाठवा. नाला, मिठी नदी, भरती, उतार, सगळं त्यांच्या बोलण्यातून येईल. परिसर अभ्यास म्हणतात तो हाच, आणि त्याला परिसरातच जावं लागतं.

फोनला वेसण

रविवारी अर्धा तास काढून पुढच्या आठवड्याचं सामान उतरवून ठेवा: दीक्षावरचे दोन पाठ, स्टोरीवीव्हरच्या तीन गोष्टी, यूट्यूबचा एखादा व्हिडिओ. बरेच व्हिडिओ यूट्यूबच्या ॲपमध्येच ऑफलाइन ठेवता येतात. मग मुलाच्या हाती फोन देताना तो फ्लाइट मोडवर टाका. जाहिराती नाहीत, ग्रुपची टिंगटिंग नाही, आणि एका व्हिडिओतून दुसऱ्यात घसरणंही नाही. ज्यांना कामाचे फोन येतात त्यांना हे जमणार नाही. त्यांनी निदान यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करावा आणि सेटिंगमधली स्क्रीन पिनिंग चालू करावी. एक ॲप पिन केलं की पासवर्डशिवाय दुसऱ्यात जाता येत नाही. पैशांच्या ॲपचा पिन मुलाला माहीत नाही असं आपण समजतो. तो आपल्या बोटांकडे रोज बघत असतो. पिन बदला.

ॲपने मुलाचा फोटो, शाळेचं नाव, जन्मतारीख मागितली तर देऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पण संमतीच्या चौकटीवर टिचकी आपणच मारतो, तीही न वाचता.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल पालक हल्ली विचारतात. चॅटजीपीटीच्या अटींतच किमान वय तेरा आहे, म्हणजे प्राथमिकच्या मुलाच्या हाती ते द्यायचं नाही. तुम्ही मात्र वापरा. ‘हातच्याच्या वजाबाकीची दहा शाब्दिक उदाहरणं मराठीत दे, बाजारहाटाची’ असं सांगितलं की मिळतात. उत्तरं स्वतः करून बघा, ते बिनधास्त चुकतं.

वेळेचं काय? जुलै २०२० मध्ये केंद्राने ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा शाळा पूर्ण बंद असतानाही पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं एवढीच मर्यादा घातली होती. आता शाळा चालू आहे, मूल सहा तास शिकून आलेलं आहे. त्याला घरी पडद्यावर वीस मिनिटं खूप झाली. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं म्हणणं पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा एकूण पडदा दोन तासांच्या आत असावा असं आहे, आणि त्यात आजीबरोबरच्या मालिकाही मोजायच्या. घरी टीव्हीवर फोन जोडता येत असेल तर जोडा. पडदा डोळ्यांपासून लांब राहील आणि दोन्ही मुलं एकत्र बघतील.

विकायला येणाऱ्यांबद्दल

मॉलमध्ये किंवा सोसायटीच्या गेटवर ‘मोफत बुद्धिमत्ता चाचणी’ होते आणि दोन दिवसांनी फोन येतो. घरी येऊन गोड बोलणारा माणूस मुलाला तुमच्यासमोर एक अवघड गणित घालतो, मूल अडतं, आणि आईचा चेहरा उतरतो. नंतर टॅब, तीन वर्षांचा कोर्स, ‘महिन्याला फक्त एवढेच’. हे ‘एवढेच’ बहुतेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं, कोर्स आवडला नाही म्हणून ते थांबत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयालाच पालकांसाठी सूचना काढावी लागली, की अशा कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी देऊ नका आणि ‘मोफत’ या शब्दाला भुलू नका. जुलै २०२४ मध्ये या धंद्यातली एके काळची सगळ्यात मोठी कंपनी बायजूज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

त्याच दिवशी सही करायची नाही, हा एक नियम पाळलात तरी निम्मे विक्रेते परत येत नाहीत. ओटीपी सांगायचा नाही. कागद कंपनीचा आहे की कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्याचा, ते वाचायचं. हप्ता चालू झालाच असेल तर बँकेत जाऊन आपोआप वळतं होणं थांबवायचा अर्ज द्यायचा, आणि पैसे फसवून गेले असतील तर १९३० वर तक्रार लगेच करायची. शिष्यवृत्ती परीक्षेच्या नावाने विकली जाणारी महागडी पॅकेजंही याच जातीची. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून आधी बघा, मग ठरवा.

आणि शाळेतल्या बाईंशी बोला. हे ऑनलाइन मिळत नाही. पालकसभेत ‘कसा आहे अभ्यासात?’ असं विचारलं तर ‘बरा आहे, पण लक्ष नाही’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी सांगा: परिच्छेद वाचतो, गोष्टीला अडखळतो, हातच्याची वजाबाकी चुकते, पुढच्या आठवड्यात कोणता पाठ घेणार? पन्नास मुलांच्या वर्गातल्या बाईंनाही असं नेमकं विचारणारा पालक बरा वाटतो, आणि तुमची रविवारची यादी तिथेच तयार होते.

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी ही यादी निघायच्या आदल्या दिवशी दुप्पट करावी. कोकणातल्या कित्येक वाड्यांवर नेटवर्क मिळायला अजून टेकडी चढावी लागते. पुस्तकं, गोष्टी, दीक्षावरचे पाठ इथल्या वायफायवर उतरवा आणि गोष्टींच्या पाच-सहा छापील प्रती पिशवीत टाका, कारण गावी पोचल्यावर फोन कुठल्या चुलतभावाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही.